साठाव्या पानावरचा पेंटर

हे माझ्या कोणत्याच पुस्तकात नाही, कारण यात मी लय मूर्ख दिसतो. चहा येईस्तोवर सांगून टाकतो.

माझी कादंबरी येऊन महिना झालता. तिच्यात साठाव्या पानावर ट्रक रंगवणारा एक दारुड्या पेंटर येते. बायकोले मारते. तो मी उचलला आमच्या पांढरकवड्याच्या गजूभाऊवरून. नाव बदललं, पण डावखुरा हात अन् ट्रकच्या मागं मोर काढायची सवय तशीच ठेवली. दारू अन् मारहाण माझ्या पदरची. गजूभाऊ तर चहासुद्धा अर्धाच पितात.

एका रविवारी त्यांचा फोन. "लगेच घरी ये. कामाचं आहे."

झालं, म्हटलं. वाचली यांनी.

गेलो, तं समोरच्या खोलीत पांढऱ्या कपड्यातले चार जण गंभीर होऊन बसलेले. मले वाटलं, जाब विचारायले माणसं बोलावली. चपला काढता काढताच मी सुरू झालो.

"भाऊ, माफ करा. कादंबरीतला तो दारुड्या पेंटर तुम्ही नाही. तो बायकोले मारते, तुम्ही वहिनीले कधी..."

"कोणती कादंबरी?" गजूभाऊ म्हणाले.

तेवढ्यात त्यांची पोरगी पल्लवी साडी नेसून चहा-पोहे घेऊन आली. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आर्णीचे पाहुणे पोरगी पाहायले आलते, अन् ओळखीचा एक शिकलेला माणूस दाखवायले मले बोलावलं होतं!

"मंग तो पेंटर कोण होय?" पोराच्या बापानं विचारलं.

"दुसराच आहे. डावखुरा आहे तो."

कायले बोललो मी हे? चौघांनी गजूभाऊकडं पाहिलं. चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात होता.

"ते पुस्तक द्या. वाचतो, मंग कळवतो."

लेखकाच्या पिशवीत प्रत असतेच. दिली. वरून सही करून दिली.

निघताना पल्लवी दारात हळूच म्हणाली, "काका, मले पोरगा पसंत होता."

लय वाईट वाटलं मले. आठ दिवस त्या गल्लीत पाय टाकला नाही.

नवव्या दिवशी गजूभाऊच आले. एका हातात पेढे, दुसऱ्यात माझं पुस्तक.

"जमलं बॉ. व्याही म्हणे, सारं पुस्तक वाचलं, त्यात पेंटर-बिंटर कोणीच नाही. तुमच्या दोस्ताले उगाच भरम होते."

मी पेढा तोंडात टाकला अन् पुस्तक उघडलं. व्याह्यांनी खूण म्हणून आर्णीच्या बसचं तिकीट ठेवलं होतं.

अकराव्या पानात.