धुळीतली पाच पावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, सोबतच्या गाइडांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. उद्या सकाळी हापशीवर तुमची-माझी गाठ पडणार नाही. बघा, सुरुवातच किती भित्री आहे.

मोहर्लीच्या अलीकडे एका गावात मी राहतो. जंगलात गाइड आहे, सोळा वर्षं झाली. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण आणि जिभेवर साखर — एवढं भांडवल. लोकांना वाटतं, गाइडचं काम वाघ दाखवायचं. वाघ दाखवणं कुणाच्या हातात असतं का? आमचं खरं काम वेगळंच. वाघ दिसला नाही तरी पाहुण्याला लुटल्यासारखं वाटू नये, हे बघायचं.

आणि तसं वाटायला जागा आहे की! मी या कामाला लागलो तेव्हा शिवेवरच्या रिसॉर्टात दहा खोल्या होत्या, एक खडखडणारा कूलर होता आणि जेवायला वांग्याची भाजी. आता पोहायचा तलाव आहे, झाडावर बांधलेल्या खोल्या आहेत, न्हाणीघराला काचेची भिंत आहे — कशासाठी, ते देवच जाणे. दरवर्षी नवा दर. खोलीचा वाढला, जिप्सीचा वाढला, कॅमेऱ्याचाही वाढला. वाघ मात्र पूर्वी दिसायचा तेवढाच दिसतो, त्याला नवा दर कुणी कळवलेला नाही. पाहुणा मला विचारतो, भाऊ, एवढे पैसे घालून इथं यावं का? मी काय सांगू? दिसला तर स्वस्त, नाही दिसला तर लूट. यापलीकडे त्यात काही नाही.

पण मी आडवळणाला लागलो. पाहुण्यांवर ढकलणं सोपं जातं, म्हणून पाय तिकडेच वळतात. सांगायचं आहे ते तानाकाकीबद्दल.

तानाकाकी आमच्या शेजारची. गोंडाचं घर, दोघांच्या अंगणात एकच कुंपण. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन पावसाळे या बाईनं मला जेवू घातलं. स्वतःच्या पोरीच्या आधी माझ्या ताटात वाढायची. घरी थोडं धानाचं शेत, बाकी सगळं जंगलावर. होळीच्या पुढेमागे मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचून वाळवायची. प्रत्येक घराची झाडं बापजाद्यांपासून ठरलेली. काकीची काही झाडं नाल्याकडे आहेत, काही टेकडीखाली.

त्या दिवसांत आमच्याकडे एक रीत आहे. संध्याकाळी शेवटची जिप्सी जंगलाच्या गेटातून बाहेर आली, की मोह वेचणाऱ्या बायका तिथं उभ्या असतात. विचारतात, जनावर कोन्या अंगाला आहे? वाघाचं नाव तोंडाने घेत नाहीत. गाइड सांगेल ती बाजू सोडायची, दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेल्या बाजूला जायचं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. पण गाइड माणूस पाहुण्याशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, गेटावर बोलत नाही. माझ्या माहितीत कुणी बोललेलं नाही — मी सोडून.

त्या वर्षी टेकडीखालच्या झुडपात एक वाघीण बछडी घेऊन बसली होती. तीन दिवस सकाळी तिथूनच चितळाचे धोक्याचे इशारे येत होते, वानरं ओरडत होती. आदल्या दोन संध्याकाळी गेटावर मीच ती बाजू सोडायला सांगितली होती. तिथं गाडीरस्ता नाही, त्यामुळे पाहुण्यांना तिचा उपयोग नव्हता. पण मला माहीत होतं. हे नीट ध्यानात घ्या — मला माहीत होतं.

दुपारच्या फेरीला नाशिकचे एक गृहस्थ होते, त्यांची बायको आणि म्हातारी आई. त्यांची ती तिसरी आणि शेवटची फेरी. आधीच्या दोन्ही कोऱ्या गेलेल्या. हे गृहस्थ काही वर्षांपूर्वीही येऊन गेले होते, तेव्हा निम्म्या पैशात वाघ आणि अस्वल दोन्ही दिसलं होतं, हे त्यांनी मला चारदा ऐकवलं. एवढ्या पैशात परदेश झाला असता म्हणाले. म्हातारी बिचारी सारखी म्हणत होती, "अरे, मोर किती सुंदर होता." त्यांनी तिलाही गप्प केलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. परत गेल्यावर तक्रार लिहिणार होते.

घाबरलो का मी? थोडा. पण खरं सांगू, राग जास्त आला होता. तुला पैशाचा मोबदलाच हवा ना? घे.

गाडीतून उतरायची परवानगी असलेली एक जागा आहे. तिथं मी लघवीच्या निमित्ताने पुढे गेलो, वळणाच्या पलीकडे, नाल्याच्या रस्त्यावर. लहानपणी गुरं राखताना आम्ही पोरं एकमेकांना भेवडवायला धुळीत वाघाची पावलं उठवायचो. तळहाताच्या टाचेनं मागची गादी, बोटांच्या पेरांनी चार बोटं. वाघाचं पाऊल जरा वाकडं पडतं, तेही मला येतं. पाच पावलं उठवली. हात पँटला पुसले आणि परत आलो.

गाडी वळणावर आली आणि मी हात वर केला. थांबव! गाडी चालवत होता वरोऱ्याचा सलीमभाई. जिप्सी त्याची स्वतःची, माणूस दिलदार आणि तोंडाचा ढोल. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ती पावलं पाहून तो पाहुण्यांपेक्षा जास्त हरखला. "एकदम ताजे आहे भाऊ, आत्ताच गेली!" आम्ही अर्धा तास तिथं श्वास रोखून बसलो. गृहस्थांनी फोटो काढले. अंगावर काटा आला म्हणाले, अगदी थोडक्यात हुकलं म्हणाले. म्हातारी मात्र त्या पावलांकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर? तर ही एक फालतू लबाडी होती, विसरून गेलो असतो. पण गेटावर बायका उभ्या होत्या.

मी तोंड उघडायच्या आधी सलीमभाईनं आरोळी ठोकली. "नाल्याकडं आहे जनावर! पगमार्क पाहून आलो!" बायका आपसात बोलायला लागल्या. काकी गर्दीतून पुढे आली, माझ्या बाजूला उभी राहिली. "सलीमभाऊ त काईबी सांगते," ती म्हणाली. "तू सांग बाबू. खरंच नाल्याकडं आहे काय?"

मागच्या सीटवर नाशिकचे गृहस्थ ऐकत होते. टेकडीकडे आहे म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं — मग ती पावलं कुणाची?

मी म्हटलं, "हो काकी. उद्या नाल्याकडं नोको जाऊ."

"मंग टेकडीखालचीच वेचतो," ती म्हणाली.

हे मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. मनात म्हटलं, पाहुण्यांना सोडून येतो आणि कुंपणावरून हाक मारून सांगतो. एक हाक मारायची होती. पाहुण्यांना सोडलं, गृहस्थांनी पाठ थोपटली, बक्षीस दिलं. घरी आलो, जेवलो. कुंपणापलीकडून काकीच्या टोपलीचा आवाज येत होता. आता सांगायचं तर काय सांगायचं? की मी गेटावर खोटं बोललो? आडवा झालो, झोप लागली. हो, लागली. झोपही उडाली नाही माझी.

पहाटे काकी मोहाखाली वाकून वेचत होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. बाकीच्या बायकांनी डबे बडवले, आरडाओरडा केला, म्हणून जीव वाचला. उजवा हात खांद्यापासून गेल्यातच जमा. चंद्रपूरच्या दवाखान्यात तीन महिने होती. हात आहे अजून, पण तो उचलत नाही, मुठीत काही धरत नाही.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. नाही. याहून वाईट पुढे आहे.

दवाखान्याच्या दारात काकीचा नवरा डोकं धरून बसला होता, गावची माणसं भोवती होती. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. सगळे म्हणत होते, जनावरच ते, रातीतून फिरलं असंल. मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी बोललो. म्हटलं, "मी त घरी येता येता काकीले सांगतलं होतं, टेकडीकडंबी आवाज येऊन राह्यले, एकटी नोको जाऊ. आयकलं नाई तिनं."

का बोललो? कुणी विचारलं होतं? माझ्या अंगावर शिंतोडाही नव्हता, तरी मी चिखल उचलून तिच्यावर टाकला. आणि ती तेव्हा आत तापानं फणफणलेली.

ती घरी आली तोवर ते गावभर झालं होतं. नवरा टोचून बोलायचा, सांगतल्यावर काऊन गेली? बायका म्हणायच्या, हावरी, दोन टोपल्यांसाठी हात घालवला. पोरगी मंगला नागभीडला नर्सिंग शिकत होती. ती शिक्षण सोडून आली, आईची वेणी घालायला, आईला भरवायला. तीही कधी चिडली की हेच ऐकवते. पहिल्यांदा काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगतलं होतं काय रे? माह्या त ध्यानात नाई." मी म्हटलं, "हो." वर्षभराने ती स्वतःच म्हणायला लागली, "सांगतलं होतं बाबूनं." आता तिला आठवतं. मी कुठे उभा होतो ते आठवतं, माझ्या हातात कंदील होता म्हणते. जे झालंच नाही ते तिला आठवतं, आणि तिच्या डोक्यात ते मी घातलं.

गेल्या दोन वर्षांपासून रिसॉर्टवाल्यांनी गावफेरी सुरू केली. दर एवढे चढले की नुसत्या जंगलावर भागत नाही, पाहुण्यांना आणखी काहीतरी दाखवावं लागतं. मोहाचं सरबत, सारवलेलं अंगण, भिंतीवरची चित्रं, आणि शेवटी तानाकाकी. ती खाटेवर बसते, पदर सरकवून खांदा दाखवते आणि गोष्ट सांगते. तिला त्याचे पैसे मिळतात, घर त्यावर चालतं. तिची बोली पाहुण्यांना कळत नाही, म्हणून मी बाजूला उभा राहून हिंदीत सांगतो. दुसरा कोण सांगणार? घरचाच माणूस ना मी! पाहुणे डोळे पुसतात. मला म्हणतात, वाघ नाही दिसला तरी चालेल, एवढ्यानेच पैसे वसूल झाले.

परवा एका बाईने तिला विचारलं, तुम्हाला राग नाही येत? काकी हसली. डाव्या हाताने माझी बाही धरली आणि म्हणाली, "कोनाचा राग करू? यानं पोटच्या पोरावानी सांगतलं होतं. मीच नाई आयकलं. माहीच चूक."

पाहुणे माझ्याकडे बघत थांबले होते. तिचा हात माझ्या बाहीवर होता. मंगला दारात उभी राहून ऐकत होती.

मी हिंदीत सांगितलं, म्हणतात की चूक त्यांचीच होती.