पुतळीबायचा टॅब

पुतळीबाय तलासरीच्या माझ्या दुकानात आली आणि आल्या आल्या विचारती झाली, "शेठ, ह्याच्यात गाणी किती मावतात?"

मी म्हटलं, "हजारो."

"मानी तेवढी नाहीत," ती आपल्या गाण्यांबद्दल म्हणाली, आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त टॅब घेऊन गेली.

पुतळीबाय उधव्याची धवलेरी. आमच्या भागात वारल्यांच्या घरचं लग्न धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या चौकासमोर बसून ती गाते, एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. तिची गाणी पुरी होईपर्यंत लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. पुतळीबाय तीस वर्षं हे करत आलेली, आणि त्याचा तिला गर्व होता. भरपूर होता.

टॅब काही फार हुशार नव्हता. बोट लावलं की जरा विचार करायचा, मग उघडायचा. पुतळीबायला तेच आवडलं. "माणसानंबी असंच करावं," ती म्हणे. मागच्या कॅमेऱ्याने काढलेली तिची शेळी फोटोत धोंड्यासारखी दिसायची. आवाज एकाच बाजूने यायचा, म्हणून ती टॅब स्टीलच्या परातीत उभा करायची. मग तो सगळ्या पाड्याला ऐकू जायचा. उरलेल्या वेळी ताडीच्या गडव्यावर झाकण म्हणूनही तो चाले. मला ते बघवत नसे.

त्यात तिने आपली सगळी गाणी भरली आणि परत दुकानात आली. "कुलूप लाव. गाणी कोण चोरंल."

मी तिचा चेहरा लावून दिला. समोरच्या कॅमेऱ्यात पुतळीबायने बघितलं तरच टॅब उघडणार. सोबत एक नंबरही टाकावा लागतो. तो टाकताना तिने दोन्ही कान गच्च दाबून धरले. म्हणाली, "माना नको सांगू. कोणी विचारलं तर मी बोलून जाईन." आता नंबर फक्त मला ठाऊक होता, आणि मी तो विसरलो. हे मी आज कबूल करतो. त्या दिवसांत मी दिवसाला दहा लोकांचे नंबर टाकत होतो.

मग वैशाखात घोळ झाला. उधव्यात तिच्याच पाड्यावर लग्न, आणि त्याच दिवशी वेवजीला उमेशचं. उमेश जन्मला तेव्हा त्याच्या आईला, काळीला, हिने शब्द दिलेला, "ह्याचं लगीन मीच लावीन." दुसऱ्या धवलेरीचं नाव काढलं तरी पुतळीबाय जेवायची नाही. तिने डोकं चालवलं. स्वतः उधव्याला बसली आणि वेवजीला टॅब पाठवला. टॅब उघडून, गाणं लावायच्या जागी आणून, तिने तो उमेशच्या मामाच्या, तुक्याच्या हातात दिला. "बोट लावत राहा. झोपू देऊ नको."

तुक्या मोटारसायकलवर मागे बसून वेवजीपर्यंत बोट लावत आला. त्याची काही चूक नाही. चूक झाली ती मांडवात. धवलेरी आली की तिचा मान करतात. टॅब धवलेरीच्या जागी आलेला, तेव्हा त्याचाही मान झाला. काळीने त्याला पाटावर बसवलं, ताडीचे दोन थेंब शिंपडले आणि कपाळाला हळद लावली. टॅबचं कपाळ म्हणजे वरची मधली जागा. कॅमेरा नेमका तिथेच. एवढं होईपर्यंत टॅब झोपला.

मग मांडवातल्या सगळ्यांनी त्याला तोंडं दाखवली. उमेशची एक मावशी पुतळीबायसारखी दिसते, तिला तर तीनदा बसवलं. शेवटी मला फोन आला.

दुकान बंद करून मी वेवजीला गेलो आणि आठवतील ते चार नंबर टाकून बघितले. टॅब आणखी रुसला. मग तो घेऊन उधव्याला पळालो. पुतळीबाय दोन गाण्यांच्या मधे उठून आली आणि तिने टॅबसमोर तोंड धरलं. काही नाही. डोक्यावरचा पदर काढून धरलं, हसून धरलं. काही नाही.

"माना ओळखत नाय?" ती भडकली. "मुडद्या, रोज ह्या हातचं चार्जिंग खातंस!"

मी म्हटलं, "पुतळीबाय, हळद पुसतो."

तिने माझा हात धरला. "मानाची हळद हाय. लगीन लागायच्या आधी कोणी पुसतं काय?"

"पण पुसल्याशिवाय लग्न लागणार कसं?"

"ते तू बघ. तू शेठ ना?"

मला इतका राग आला की मी टॅब तिच्या हातात दिला आणि आंब्याखाली जाऊन बसलो. पण तिचे डोळे सारखे वेवजीच्या रस्त्याकडे जात होते. गाताना आवाज चिरकत होता. काळीला दिलेला शब्द मोडणार याची भीती तिला वाटत होती, आणि ती बघून माझा राग गेला.

उधव्याचं लग्न लागलं तशी ती न जेवता माझ्या गाडीवर बसली. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य खाली आला होता. सकाळपासून मांडवात कुणी जेवलं नव्हतं. उमेश बाशिंगासकट खांबाला टेकून घोरत होता.

पुतळीबाय चौकासमोर बसली, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. दिवसभराचं गाणं आणि रस्त्याचा वारा. तिने परत प्रयत्न केला. नुसता श्वास आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी ताठ बाई, तिला असं बघणं मला सोसलं नाही.

तेवढ्यात काळीने पहिली ओळ म्हटली. मावशीने दुसरी. मग मांडवातल्या सगळ्या बायका लागल्या. एकही शब्द न चुकता, देवांची नावंही त्याच क्रमाने. पुतळीबाय आ वासून बघत राहिली. तिने कुलूपबंद केलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

गाणी संपली. उमेशला हलवून उठवलं, लग्न लागलं. पुतळीबाय बसल्या आवाजात काळीवर खेकसली, "अगं, सगळं येतं तुम्हाला! मग सकाळीच का नाय लावलं?"

काळी तिला भाकर वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "तू आली नव्हतीस ना."