बेटावरची हाडं

आमच्या रहिमतपूरच्या गल्लीतली एक शेजारीण पॅसिफिकमधल्या बेटांवर पुरातत्त्वाचं उत्खनन करते. सुट्टीत घरी आली तरी बोलता बोलता काडीने अंगण उकरत बसते.

यंदा बगळ्यांच्या घाणीला वैतागून गल्लीने आमच्या दारातली चिंच तोडायचं ठरवलं होतं.

आईने शेजारणीला विचारलं, "तितं सोनं घावतं का गं?"

"न्हाई काकी, हाडं घावत्यात. खालच्या थरात पाखरांची लय. माणसं आली, रान तोडलं, संगं उंदीर आणलं, त्यांनी अंडी खाल्ली. वरच्या थरात पाखरूच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसतमुखाने चिंचेखालची घाण झाडू लागली. रोजच झाडायची. एकदा आईने तिच्या हातातला खराटा ओढून घेतला.

"तू गेल्यावर कोण झाडणार? दे हिकडं."

चिंच तोडायचं नाव मग कुणी काढलं नाही.