इमानवाल्यांची शिडी

आमच्या वेल्ह्याकडच्या गावात विमानाला इमान म्हणतात आणि माझ्या वडिलांना इमानवाले. अण्णा हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आले त्याला चाळीस वर्षं होत आली. तरी डोंगरावरून एखादं विमान पुण्याकडं गेलं की कुणीतरी अजून विचारतंच, "इमानवाले, ह्ये तुमचंच का वो?" अण्णा मान वरही करत नाहीत. "मी विमानात नव्हतो बाबा, विमानाखाली होतो," एवढंच सांगतात.

खरंच ते खाली होते. लढाऊ विमानांची देखभाल करायची, वैमानिक आला की शिडी लावायची, तो आत बसला की त्याचे पट्टे आवळायचे, उतरून शिडी काढायची आणि विमान परत आलं की पुन्हा लावायची, असं त्यांचं काम. नोकरी सुटली, पण शिडी काही सुटली नाही. गावात कुणी कुठंही शिडी लावली की अण्णा हजर. मांडवाला दिव्यांची माळ बांधायची असो की आंबे उतरवायचे असोत, हे खाली शिडीचे पाय धरून उभे राहणार आणि वरचा माणूस जमिनीवर येईपर्यंत हलणार नाहीत. एकदा एक भाऊबंद आंब्यावर चढून मोबाईलवर सासुरवाडीशी गप्पा मारत बसला. अण्णांचं जेवण गार झालं, पण ते हलले नाहीत. शेवटी त्यालाच लाज वाटली आणि तो अर्ध्या गप्पा टाकून उतरला.

मला या खुळाचा राग यायचा. गुडघे गेलेत, ऐंशीला टेकलेत, आणि शिडी कसली धरताय? मी भोरला शाळेत शिकवते, त्यामुळे दरडावायची सवय आहेच. अण्णा ऐकून घ्यायचे आणि शिडी धरायचे.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले तर माकडांनी छपरावर धुमाकूळ घालून वीसेक कौलं फोडलेली. गडी मिळेना. मग पन्नाशीची मी बाई ओढणी कमरेला बांधून स्वतःच चढायला निघाले. आमचं घर उतारावर आहे, मागच्या बाजूला छप्पर दरडीला टेकलंय. तिकडून शेळ्यासुद्धा वर जातात. पण अण्णांचा हुकूम, चढायचं ते पुढून, शिडीनं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. कळकाच्या बांबूंची शिडी लागली, अण्णांनी धरली, मी चढले.

कौलं बदलून झाली. "अण्णा, आलेच हं!" मी वरून ओरडले, आणि तेवढ्यात मागच्या घरातून चुलतीनं हाक मारली, "अगं, फणस फोडलाय, ये की!" बरक्या फणसाचा वास आला आणि माझं भान सुटलं. मागच्या मागे दरडीवर उतरले आणि चुलतीच्या ओट्यावर जाऊन बसले. गरे, वर चहा, त्यावर कुणाचं लग्न कसं मोडलं त्याची साग्रसंगीत हकिकत. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. चांगला तास गेला असेल.

मला शोधत आई चुलतीच्या ओट्याशी आली. "तू हितं? मग अण्णा कुनासाठी शिडी धरून हुबं हायत?"

मला हसूच फुटलं. "अगं मग सांग की त्यांना, उतरली म्हणून."

आई हसली नाही. ओट्याच्या कडेला टेकली. "लढाईत एक साहेब हुता, पोरसवदा. त्याला मराठी येत न्हवतं, पर ह्यांनी एक शबुद शिकिवला हुता, आलोच. शिडी चढताना रोज तेवढंच म्हनायचा. त्या दिशीबी म्हनला. इमान गेलं त्ये परत आलंच न्हाई. त्याचं काय झालं कुनालाच कळलं न्हाई. ह्ये दिवस मावळस्तवर शिडी घिऊन हुबं. लोकांनी हातातनं काढून घ्येतली. मला लगीन झाल्यावर एकदा सांगितलं, पुन्यांदा न्हाई."

मीही तेच म्हणाले होते.

घराला वळसा घालून सांगता आलं असतं. पण मी दरडीवरून पुन्हा छपरावर चढले. आढं ओलांडून पाहिलं, तर खाली उन्हात अण्णांचं टक्कल चमकत होतं आणि दोन्ही हात शिडीवर होते. मी एकेक पायरी उतरले. दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरच त्यांनी हात सोडले. तळव्यांवर कळकाचे लाल वळ उठले होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"कौलं बसत नव्हती," मी खोटंच सांगितलं.

"फणस गोड होता का?"

मी ओढणीनं तोंड पुसलं.

"तुझं हसणं हितवर ऐकू येत होतं," अण्णा म्हणाले.

"मग माहीत होतं तर तासभर उभे कशाला राहिलात?" माझा आवाज चढलाच.

अण्णांनी शिडी उचलून भिंतीच्या कडेला आडवी केली, हात झटकले.

"तू आलेच म्हणाली होतीस," ते म्हणाले. "आलीस की."