टेकूची उंची

आमच्या खालच्या मजल्यावर सोफेवाल्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. जुन्या सोफ्यांची पोटं फाडून नवा फोम, नव्या स्प्रिंगा भरायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. माणूस कामाला चोख आणि बोलायला घुमा. बोलायचं काम बायकोकडे होतं. दाराशी खुर्चीत बसून ती गाद्यांच्या खोळी शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची.

तिच्या आजारावर आता इलाज नाही असं दवाखान्यातून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात हा गृहस्थ कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. तेही थोराड जातीचं. मी जिन्यातच अडवलं.

"सोफेवाले, घरात काय चाललंय आणि तुम्ही हे काय आणलंत?"

"तिला लहानपणापासून मोठा कुत्रा हवा होता, मावशी."

"हा मोठा आहे?"

"होईल की."

आतून ती म्हणाली, "याचं नाव टेकू. मोठा झाला की मी कोपर खुर्चीच्या हातावरून न हलवता याच्या पाठीवर हात ठेवणार. वाकलं की मला धाप लागते हो, मावशी."

ती हे हसत म्हणाली. नवऱ्याने मात्र मनावर घेतलं. खुर्चीच्या हाताइतकी उंची टेकूने गाठायची, आणि तिच्या देखत गाठायची. मग अंडी, कलेजी, दूध, बाजारातलं सगळ्यात पौष्टिक खाणं, वर कॅल्शियमची पावडर. रोज सकाळी तो टेकूला खुर्चीशेजारी उभा करून टेप लावायचा.

"अहो, सोफ्यात कापूस कोंबता तसं त्याच्यात खाणं काय कोंबताय?" मी म्हणायचे.

"माल भरपूर असला की बैठक चांगली होते, मावशी."

टेकू फुगला. मग त्याचे पुढचे पंजे बाहेर वळायला लागले, आणि एक दिवस तो लंगडला. हे दोघं काही हलणार नव्हते, म्हणून मीच सोफेवाल्यांना आणि टेकूला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी टेकूचे पाय चाचपले आणि तो काय काय खातो ते विचारलं.

"अंगाचं वजन पुढे पळालंय आणि हाडं अजून कच्ची आहेत," त्या म्हणाल्या. "पावडर आजपासून बंद. तिनेच हाडं बिघडतात. थोराड जातीच्या पिल्लांसाठी वेगळं खाणं येतं, तेच द्या, आणि मोजून द्या. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. याला सावकाशच वाढू द्यायचं."

"सावकाश म्हणजे?"

"छोटी जात वर्षाच्या आत पुरी होते. याला दीड-दोन वर्षं लागतील."

"दोन वर्षं," सोफेवाले म्हणाले.

डॉक्टरबाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही. मला दिसलं.

नव्या खाण्याचं पोतं आलं. पण चारच दिवसांनी मी त्यांना फोमच्या गठ्ठ्यामागे पावडरचा डबा उघडताना पकडलं.

"थोडेच दिवस, मावशी. तिचा हात पुरला की बंद करतो."

"आणि त्याचे पाय?"

"पाय मग बघू."

एक टाका वाकडा गेला तर अख्खा सोफा उसवणारा माणूस हा. मी काय बोलणार?

बोलली ती. त्या दुपारी मी खोळी न्यायला खाली गेले होते. तिचा आवाज ऐकून टेकू उठायला गेला आणि कण्हला. तिने सुई खाली ठेवली.

"अहो, डबा आणा."

"कुठला डबा?"

"मी मरायला टेकलेय, आंधळी झालेली नाही. आणा."

तो हलेना.

"मला मोठा कुत्रा हवा होता, पांगळा नको होता. मी गेल्यावर तुम्हाला घराबाहेर कोण काढणार? कोपऱ्यापर्यंतसुद्धा एकटे जात नाही तुम्ही. तो धड चालायला हवा."

"पण तू त्याला मोठा झालेला..."

"मी नाही बघणार. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आता तरी आणा."

त्याने डबा आणला. तिने तो माझ्या हातात दिला. "वर घेऊन जा, मावशी. यांचा भरवसा नाही."

संध्याकाळी खालून करवतीचा आवाज यायला लागला. आजारी माणूस घरात असताना हे काय, म्हणून मी तणतणत उतरले. खुर्ची उलटी पडली होती, आणि सोफेवाले तिचे पाय कापत होते. ती खाटेवर बसून धाप लागेपर्यंत हसत होती.

"बघा मावशी, कुत्रा वाढवता येईना म्हणून मला बुटकी करताहेत."

त्याने पायांची टोकं घासली, खुर्ची सरळ केली आणि बायकोला उचलून तीत बसवलं. टेकू येऊन शेजारी उभा राहिला. तिने कोपर खुर्चीच्या हातावर टेकलं, आणि तळहात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

तिचं हसू थांबलं. सोफेवाले पाठमोरे होऊन भुसा गोळा करायला लागले. मी वर निघून आले.

टेकूचा शेवटचा दुधाचा दात पडायच्या आत ती गेली.

आता टेकू पुरा वाढलाय. खाणं वयाप्रमाणे बदललं, तेही मोजून. पाय जवळजवळ सरळ झाले. रोज सकाळी तो सोफेवाल्यांना ओढत कोपऱ्याच्याही पुढे नेतो. खुर्ची दाराशी तशीच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, लहान मुलांची का? मी एकदा स्पष्टच म्हटलं, "नवे पाय लावून टाका, तुम्हाला काय अवघड आहे. बसायच्या तरी कामी येईल."

"उंची बरोबर आहे तिची," ते म्हणाले.

टेकूची पाठ आता खुर्चीच्या हाताच्या कितीतरी वर जाते. दुपारी काम थांबलं की तो खुर्चीला लागून उभा राहतो, मग पाय दुमडत अंग हळूहळू खाली आणतो आणि पाठ तिच्या हाताच्या उंचीला आली की तसाच, अर्धवट वाकून, थांबतो. त्या पायांना ते चांगलं नाही. मी सोफेवाल्यांना सांगितलंय, त्याला उठवत जा म्हणून. ते उठवत नाहीत.