खटका वरच होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानातल्या माणसांना नाही. ज्याला सांगायला हवं त्याच्याकडे एकदा गेलो होतो, पण ते सांगणं झालंच नाही. का झालं नाही, तेही सांगतो. जरा दमानं घ्या. मी तोंडावर बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि या एका गोष्टीपाशी आलो की विषय बदलतो.

मी पाण्याचे टँकर बनवतो. हळ्ळीखेडच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे गळका टँकर गावात नेऊन बघा, बायका ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरतात. माझा टँकर गळत नाही. सांधा जोडला की बाहेरून चुना फासायचा, आतून डिझेल लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. चुन्यावर सुईच्या टोकाएवढा काळा डाग दिसला तरी मी सांधा पुन्हा उघडतो. भालकीपासून बसवकल्याणपर्यंत कुणालाही विचारा — दत्ता मिस्त्रीच्या टाकीतून थेंब जात नाही. हा माझा अभिमान होता. होता म्हणतो — अजून आहे की नाही, ते मलाच कळत नाही.

आता अप्पांचं सांगतो. शरणप्पा हवालदार. आमच्याच गावचे, फौजेतून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या चिलखती गाड्या चालवल्या. सत्तरी ओलांडलेली, पण माणूस काटेकोर. घरातल्या प्रत्येक वस्तूवर, विळ्यावर, बॅटरीवर, पाण्याच्या तांब्यावरसुद्धा, त्यांनी हिरव्या रंगाचा ठिपका दिलेला असे. सून महादेवी हसायची, "मामा, उद्या मलाबी ठिपका लावताव."

बसवकल्याणच्या एका भंगारवाल्या शेठकडे तसलीच एक मोडीत निघालेली गाडी आली. तोफ उतरवलेली, गंजलेली, खाली साखळ्या. गावात सगळे तिला रणगाडाच म्हणत. अप्पांनी ती येता-जाता बसमधून पाहिली आणि मधेच उतरले. शेठ ती कापायला निघाला होता. अप्पा त्याला म्हणाले, "कापू नगा. मी हिला पाण्यात चालवून दाखवतो." शेठला गंमत वाटली. खंडेनवमीला आपल्याकडं यंत्रांची पूजा असतेच, त्या दिवशी गावच्या तलावात रणगाडा पोहताना दाखवला तर चार तालुक्यांत नाव होईल, एवढं त्याला कळत होतं. गाडी माझ्या दुकानासमोर येऊन पडली. इंजिन अप्पांनी बघायचं, पाणी मी बघायचं.

आयुष्यभर मी पाणी आत राखलं. आता ते बाहेर राखायचं होतं, एवढाच फरक, असं मला वाटलं. तळाचे पत्रे बदलले, झाकणांना ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं. साखळ्या फिरवणारा दांडा जिथून बाहेर येतो तिथं ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी ठासून भरली. चुना लावला, डिझेल लावलं. डाग नाही. अप्पांनी मात्र तळाशी बॅटरीवर चालणारा पंप बसवायला लावला. फौजेत त्याला बिल्ज पंप म्हणतात. तळात साठलेलं पाणी उचलून मागच्या नळीतून बाहेर फेकतो.

"कशाला, अप्पा?" मी म्हणालो. "पाणी येणारच न्हाई."

"येतंय रे. फिरणारा दांडा हाय, थोडं येतंयच. फौजेतल्या नव्या गाडीतबी येतंय. कामून राग करायलास?"

राग आलाच होता. माझ्या कामाला कुणी गळकं म्हटलं नव्हतं कधी.

मग तलावाच्या कडेला दोर बांधून पहिली चाचणी घेतली. गाडी पाण्यात उतरली, थोड्या वेळानं मागच्या नळीतून पाण्याची धार लागली. अप्पा खूश — पंप चालतोय. आणि काठावरून शेठ मोठ्यानं म्हणाला, "दत्ता मिस्त्री, तुझी टाकी गळायली की!"

लोक हसले. मीही हसलो. पण त्यानंतर हॉटेलात चहाला गेलो की कुणीतरी म्हणणारच, "या, गळकी टाकी." टँकरचं गिऱ्हाईक आलं तर तेही हसत विचारायचं, नीट बनवताय ना? एवढीशी चेष्टा. सांगायलासुद्धा लाज वाटते की एवढ्याशा चेष्टेनं माझं अन्न गोड लागेना. मी दांड्याची दोरी पुन्हा काढून भरली. पुन्हा चुना, पुन्हा डिझेल. उभी असली की गाडी कोरडी, चालू केली की पाझरायची. अप्पा बरोबर होते. आणि तेच मला सोसत नव्हतं.

खंडेनवमीला तलाव काठोकाठ भरलेला होता. गाडीला झेंडूच्या माळा, साखळ्यांखाली लिंबं, कोहळा फुटला, नारळ फुटले. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. अप्पांनी जुना खाकी सदरा घातला होता. मागची नळी त्यांना पुढच्या झाकणातून दिसत नसे, म्हणून आमचं ठरलं होतं — मी काठावर उभं राहायचं, नळीतून पाणी पडतंय का बघायचं, सगळं ठीक असलं की हात वर करायचा. त्यांनी माझ्या नजरेवर भरवसा ठेवला होता. हे लक्षात ठेवा.

पूजा चालू होती तेव्हा मी एक नट आवळायचं निमित्त करून आत गेलो आणि पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला.

बस. एवढंच केलं. नळीतून धार यायला नको, लोकांनी बघायला नको. एक फेरी मारून गाडी परत येईल, तेवढ्यात साठून साठून किती साठेल? घोट्याएवढं. माघारी आल्यावर गुपचूप उपसून टाकू. असा माझा हिशेब होता. फ्यूजवरही अप्पांचा हिरवा ठिपका होता. मी तो पाहिला आणि खिशात टाकला.

अप्पा आत बसले. फौजेची सवय — प्रत्येक गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. मी गाडीवरच, उघड्या झाकणापाशी उभा होतो. "बूच बंद. मागचं झाकण बंद. पंप चालू." पंप चालू म्हणताना त्यांनी खटका वर केला. खटका वर म्हणजे चालू. मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, आणि खाली उतरलो.

गाडी पाण्यात गेली. नळी कोरडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी हात वर केला — सगळं ठीक. एक फेरी झाली. अप्पा काठाजवळ आले आणि परत वळले. दुसरी फेरी. झाकणातून अर्धे बाहेर येऊन लोकांना हात करत होते, लहान पोरासारखे हसत होते. त्या माणसाला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला गाडीचा मागचा भाग खाली बसलेला दिसत होता. माळेतली झेंडूची फुलं पाण्याला टेकली होती. मी ओरडलो का? नाही. परत या, एवढंच म्हणायचं होतं. परत या म्हणायला काही कारण द्यावं लागत नाही. हे मला नंतर सुचलं असं म्हणणार नाही — तेव्हाही कळत होतं. पण अप्पांनी तिथून पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा हात वर केला.

मग इंजिन गचके देऊन बंद पडलं. गाडी मागून बसत गेली आणि दिसेनाशी झाली.

मासे धरणारे लोक फुगवलेल्या ट्यूबवरून गेले आणि त्यांनी अप्पांना ओढून काढलं. वाचले. नाकातोंडात पाणी गेलं होतं, पण वाचले. माझा जीव भांड्यात पडला. यावर मी थांबलो असतो — फ्यूजचं तिथंच सांगून टाकलं असतं — तर मी एक मूर्ख आणि गर्विष्ठ माणूस ठरलो असतो, याहून वाईट काही नाही. पण मी थांबलो नाही. आत्तापर्यंत सांगितलं ते खरं तर सोपं होतं. पुढचं सांगायचं म्हणून मी इतका वेळ घुटमळतोय.

दुसऱ्या दिवशी क्रेननं गाडी बाहेर काढली. सगळे विचारत होते, पंप असून बुडली कशी? मिस्त्री म्हणून पहिला आत मी उतरलो. आत चिखल, आणि खटका तसाच वर, अप्पांनी केलेला. काढलेला फ्यूज आदल्या दिवशीच्या सदऱ्यात राहिला होता, म्हणून मी दुकानातून आणलेला साधा फ्यूज जागेवर बसवला. हिरवा ठिपका नसलेला. तेवढं पुरेसं होतं का? नव्हतं. फ्यूज आहे, खटका वर आहे, तर पंप का चालला नाही, हा प्रश्न माझ्याकडेच आला असता. म्हणून मी खटका खाली केला. बोटानं. आणि झाकणातून डोकं बाहेर काढून हाक मारली, "इकडं या, बघा — खटका बंदच हाय."

घोंगडं पांघरलेले अप्पा कुणाचा तरी खांदा धरून आले. वाकून बघितलं. "मी चालू केलो होतो की रे," ते म्हणाले. शेठ म्हणाला, "अप्पा, वय झालं आता." अप्पांनी खटक्याला हात लावला. वर केला, खाली केला. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "केलो न्हाई वाटतं."

गाडी शेठनं कापून टाकली. माझे टँकर विकले जात राहिले, गळकी टाकी कुणी म्हणेना. त्या वर्षापासून अप्पा मोटारसायकलवर बसले नाहीत. ट्रॅक्टरला हात लावत नाहीत. गॅस बंद केला का म्हणून महादेवीला तीन-तीनदा उठवतात. कडी लावून अर्ध्या वाटेतून परत येतात. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं. मुलानं शेताचं बघणं काढून घेतलं, अप्पांनी मुकाट्यानं दिलं. कुणी काही विचारलं की आधी म्हणतात, "माझ्यावर इसवास ठेवू नगा, मी इसरतो." हे तो माणूस म्हणतो, ज्याच्या घरात तांब्यालासुद्धा ठिपका आहे.

आणि इसवास ठेवतात कुणावर? माझ्यावर. विहिरीची मोटार बंद केली की फोन करतात — "दत्तू, येऊन बघ बरं, स्टार्टर बंद केलो का मी." मी जातो. इतक्या वर्षांत मी कितीदा गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी तो बंदच असतो. एकदाही, एकदाही ते विसरलेले नाहीत. हे फक्त मला ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला ते सहन झालं नाही. दुकानातल्या डब्यातून तो हिरव्या ठिपक्याचा फ्यूज काढला, खिशात घातला आणि विहिरीवर गेलो. लिंबाखाली अप्पा बसले होते. मी सगळं सांगितलं. फ्यूज काढला, हात वर केला, खटका मी खाली केला. सगळं.

अप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लेकरा, माझं वझं तू कामून घ्यायलास? मला आठवतंय की रे. खटक्याकडं हात गेला, तेवढ्यात कुणीतरी वरून हाक मारलं, अन् राहून गेलं. रोज दिसतंय मला ते."

कुणी हाक मारली नव्हती. मी वरच उभा होतो. इतकी वर्षं रोज शोधून शोधून त्यांनी ते विसरणं घडवलं होतं, आणि आता ते त्यांना दिसत होतं.

माझा हात खिशात होता. फ्यूज बोटांत होता. तो बाहेर काढायचा, त्यांच्या तळहातावर ठेवायचा, बस. आपला ठिपका त्यांनी ओळखला असता. त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. आणि मला काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं. मी सांगितलं होतं, त्यांनी मानलं नव्हतं, आता माझ्याकडे काही बाकी नाही, असं वाटलं. मी हात खिशातच ठेवला.

दत्तू माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला आला होता, असं अप्पांनी संध्याकाळपर्यंत घरी सांगितलंही. दुसऱ्या दिवशी महादेवी दुकानात आली, दशम्या घेऊन. म्हणाली, "सख्ख्या लेकानं एवढं केलं नसतं, दत्तूअण्णा." मी डबा घेतला. त्या दशम्या मी खाल्ल्या.

त्या दुपारी विहिरीवरून मी निघालो तेव्हा अप्पाही उठले. चार पावलं गेले आणि थांबले. विहिरीकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"दत्तू, बघून येतोस का? स्टार्टर."

मी गेलो. बंद होता. मी तिथूनच हात वर केला.