ज्योतीरामचा लाल टॅग

पिंपळे गुरवला मारुतरावांच्या इमारतीत काहीही बिघडलं की एकच हाक जायची, "ज्योतीराम हाय का?" नळ, मोटर, मिक्सर, कशासाठीही. एकदा तर मारुतरावांची कवळी तुटली तेव्हा ती पहिल्यांदा ज्योतीरामपुढंच आली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आबा, हे माझ्या खात्यात येत नाही." सांगताना तोंड असं झालं होतं, जणू दहावीत आपणच नापास झालोय.

दहावीत खरी होती त्याची मुलगी पिंकी. ज्योतीराम धाराशिवकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. बायको विजयश्री, पिंकी आणि तो, असे तिघं तळमजल्याच्या खोलीत. मी शेजारच्या खोलीत. पिंकीची शाळा गल्लीच्या टोकाला. घंटा ऐकून ती चप्पल शोधायला लागायची आणि तरी प्रार्थनेला पोचायची.

अडचण एकच होती. आमच्याकडं भाडेकरार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की मालकाच्या घरी हमखास कुणीतरी पाहुणा राहायला येणार असतो, आणि भाडेकरू बिचारा टेम्पो शोधतो. ज्योतीरामचा करार डिसेंबरात संपत होता. परीक्षा मार्चमध्ये. मधले महिने खोली टिकवायची, एवढाच त्याच्या जिवाला घोर.

दिवाळी झाली आणि सोलरचा पाइप गळायला लागला. गच्चीवरच्या टाकीतून गरम पाणी खाली आणणारा हा लोखंडी पाइप. वरच्या मजल्यावर मारुतरावांचा मुलगा रणजीत आणि सून प्राजक्ता राहतात, त्यांच्या हॉलच्या बरोब्बर डोक्यावरून तो जातो. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, तेव्हा मारुतराव ज्योतीरामला घेऊन वर आले.

ज्योतीरामनं पाइपाला नख लावलं. गंजाची खपली हातात आली.

"पुरता सडलाय की आबा. बदलावाच लागतोय बघा."

"आत्ता न्हाई. धकवून घे."

"धकेल. पण किती दिवस, म्हणा?"

मारुतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओली चादर मध्ये धरली. चादरीतून सगळं ऐकू येतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"रणजीतनं पाइपाला पैसं दिलं व्हतं," ते हळू म्हणाले. "त्ये बैलाच्या खुराकात गेलं. शर्यतीच्या घाटात पळायचा हाय त्यो आवंदा. रणजीतला मी सांगितलंय, नवा पाइप बसवला म्हनून. तू कुनापाशी बोलू नगं."

"बरं."

"आन् खोलीची काळजी करू नगं. पोरीची दहावी हुईस्तवर तुला कोन हालवतंय बघू. मारुतरावाचा शब्द हाय. तू काय भाडेकरू हाय का? घरचाच हाय."

ज्योतीराम असा खुलला, की पाइप बदलायचं राहिलंय हे तो विसरलाच. त्यानं वरचा कॉक बंद केला, पाइप पुसून कोरडा केला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गच्च गुंडाळली आणि वरून दोन क्लॅम्प आवळले. पाणी सोडलं. थेंब नाही.

मग खिशातून लाल टॅग काढला. कंपनीत तात्पुरती दुरुस्ती केली की असा टॅग बांधल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. त्यावर पेननं नाव, तारीख आणि 'तात्पुरते काम' असं लिहून त्यानं तो क्लॅम्पला बांधला.

"इथं कोण ऑडिटला येणार आहे भाऊ?" मी विचारलं.

"टॅग नसला की तात्पुरतं काम लोकांना पक्कं वाटतं राव. मग कुणी बदलतच नाही."

"आणि नाव कशाला?"

"ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा नियम आहे."

नियम चाकणचा, पाइप पिंपळे गुरवचा. पण ज्योतीरामला शिफ्ट संपल्यावरही माणसं नियमानंच वागतात असं वाटायचं.

पुढं त्यानं मारुतरावांना दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा उत्तर तेच, "धकतंय न्हवं?" बैल मात्र धकला नाही. ऐन शर्यतीत तो घाट सोडून माणसांत घुसला आणि एकाची भेळ खाऊन परत आला. 

डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, एका रविवारी सकाळी वरून धप्पकन आवाज आला. प्राजक्तावहिनींच्या हॉलमधलं नवंकोरं पीओपीचं छत ओलं होऊन सोफ्यावर उतरलं होतं. नशीब, सोफ्यावर कुणी नव्हतं. सगळी इमारत गच्चीवर गेली. पाइप वळणावरच्या एल्बोपाशी फुटला होता, ज्योतीरामच्या पट्टीपासून चांगला वीतभर लांब. पट्टी ठणठणीत कोरडी. पण एल्बोला टॅग नव्हता. पट्टीला होता.

रणजीतनं तो हातात धरून मोठ्यानं वाचला. मग वडिलांकडं वळला.

"आबा, तुम्ही तर नवा पाइप बसवला म्हणाला होता."

ज्योतीरामनं मारुतरावांकडं पाहिलं. भीती नव्हती त्याच्या तोंडावर. आपल्या माणसानं बोलायची वाट पाहावी, तसा निवांत उभा होता.

मारुतरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"पैसं मी ह्याच्याच हातात दिलं व्हतं," ते म्हणाले. "म्हनला, मी बसवतो. बसवला आसंल म्हनून मी बघितलं न्हाई. घरचा समजत व्हतो."

"आबा," ज्योतीराम म्हणाला. 

"अहो, फुटलंय दुसरीकडं," मी म्हटलं, "आणि पैशांचं म्हणाल तर बैल..."

"तुला विचारलं का?" रणजीत म्हणाला. "तुझा करार कधी संपतो रे?"

आमच्या इमारतीत चर्चेचा समारोप असाच होतो. ज्योतीरामला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगून रणजीत खाली गेला. जाताना म्हणाला, "चोर निदान सही करून तरी जात नाही."

खाली विजयश्रीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बैलाचं सांगायचं नाही का तुम्ही?"

"कुणाला सांगणार नाही म्हणालो होतो."

"ते पण म्हणालेच होते की, खोलीतून हालवणार नाही."

ज्योतीराम उठून पिंकीची पुस्तकं बांधायला लागला. पुस्तकं रोज लागणार, ती शेवटी बांधायची, हे त्या घरात त्यालाच माहीत होतं. तरी तीच पहिल्यांदा बांधली.

खोली मिळाली ती मोशीच्या पलीकडं. शाळेला यायचं तर बस बदलून. टेम्पो भरत आला तेव्हा मारुतराव शाल लपेटून आले. आजूबाजूला रणजीत नाही हे बघून ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"राग धरू नगं लेका. रणजीत तापट हाय. त्याच्यापुढं माझं तोंड गेलं आसतं. तुझं काय, तू बाहेरचा मानूस, इसरून जाशील."

ज्योतीराम टेम्पोची दोरी आवळत राहिला.

"आन् जाता जाता त्या पाइपाचं तेवढं बघतो का? प्लंबर येतो म्हनतोय, येत न्हाई. गार पान्यानं हाडं मोडत्यात."

ज्योतीरामनं पाना घेतला आणि जिना चढायला लागला. "चालले बघा दुरुस्तीला," विजयश्रीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. मलाही तेच वाटलं, म्हणून मी मागं गेलो. त्यानं कॉक बंद आहे का ते पाहिलं. क्लॅम्प ढिले केले, ट्यूबची पट्टी उलगडली आणि शेवटी टॅगची गाठ सोडली. ओल्यानं ती घट्ट बसली होती. त्यानं दातानं सोडवली.

"झालं?" खाली मारुतरावांनी विचारलं.

"झालं आबा. माझं होतं तेवढं काढून आणलं."

पिंकी टेम्पोत पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली होती. "बाबा, उद्या शाळेला किती वाजता निघायचं?"

"अंधारातच," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मागं वळला नाही.

टेम्पो कोपऱ्यावर दिसेनासा झाला तरी मारुतराव फाटकात उभे होते. मग माझ्याकडं वळले.

"तुला येतं का रं पाइपाचं कायतरी?"

"माझा करार जूनमध्ये संपतो, आबा," मी म्हणालो.